सासूबाईंची कार्डं आणि माझी अडलेली साक्ष

कान्हकाठची (इंदूर), रविवार दुपारी ३:१०

सलाम मंडळी. आमच्या चर्चची उपासना हिंदीत, त्यामुळे तिथे एकमेकांना 'जय मसीह की' म्हणतो. घरात मात्र नगरकडून आलेला 'सलाम' अजून टिकून आहे, म्हणून इथे तोच.

एक अडचण आहे, आणि ती सांगायला जरा मागून सुरुवात करावी लागेल.

माझ्या सासूबाई लग्न होऊन इंदुरात आल्या तेव्हा एकोणीस वर्षांच्या होत्या. सासरे मालवा मिलमध्ये कामाला. रविवारी उपासना, मग जेवणं, आणि मग सगळं घर आडवं झालं की सासूबाई खिडकीपाशी पाट मांडून पोस्टकार्डं लिहायला बसायच्या. दोन, फार तर तीन. महिनाभर चर्चमध्ये न दिसलेल्यांना, अंथरुणाला खिळलेल्यांना, पास्टरसाहेबांशी वाजल्यामुळे दुसरीकडे जाऊ लागलेल्यांना, खंडव्या-भुसावळला दिलेल्या मुलींना. शिक्षण चौथीपर्यंत. शुद्धलेखनाशी सख्य नव्हतं.

त्या गेल्यावर शोकसभेला लोक ती कार्डं घेऊन आले. कुणी बायबलात ठेवलेली, कुणी देवळीतल्या डब्यात. देवासच्या एका बाईंनी एकतीस कार्डं सुतळीत बांधून आणली होती. त्यातलं एक मी मागून घेतलं. जसंच्या तसं देते:

"आज वांग्यात मीठ जास्त पडलं. सगळे गुपचूप जेवले. तेवीसावं स्तोत्र वाचलं, पण मन लागलं नाही, गॅस संपत आलाय त्याचाच विचार. तुझ्या गुडघ्याची आठवण झाली. येत्या रविवारी ये. पंख्याखालची खुर्ची धरून ठेवते."

एवढंच. मला हे कार्ड वाचून आजही भरून येतं, आणि का येतं ते नीट सांगता येत नाही.

तर, आमच्या मंडळीत सध्या घराबाहेर पडू न शकणारे अकरा जण आहेत. त्यांच्यासाठी दर महिन्याला दोन पानं काढायची असं ठरलं आणि ते काम माझ्याकडे आलं, 'तुमच्या घराण्यातच आहे' म्हणून. मी बसले. 'प्रिय बंधुभगिनींनो, संकटाच्या वादळात आपला तारणारा...' असं दीड पान झालं. मुलीने वाचलं आणि म्हणाली, "आई, ही तू नाहीस. हे पास्टरसाहेब आहेत आणि त्यांना सर्दी झालीये."

खरी गाठ पुढेच आहे. दोन वर्षांपूर्वी यांना, म्हणजे माझ्या यजमानांना, पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. 'हो', 'नाही' आणि का कोण जाणे, 'मंगळवार', एवढे तीन शब्द राहिले. चहा हवा असला तरी मंगळवार, पंखा लावायचा असला तरी मंगळवार, रागावले की तर मंगळवार मंगळवार मंगळवार. तिसऱ्या महिन्यात एका सकाळी मी मेथी निवडत होते. कचरागाडी येऊन गेली होती (इंदुरात सकाळची प्रार्थना आधी की कचरागाडीचं गाणं आधी, हा रोजचा प्रश्न आहे), गल्ली शांत झाली आणि मी रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं एक पद गुणगुणायला लागले. दुसऱ्या कडव्याला मी नेहमी अडते. तिथे मी थांबले आणि खाटेवरून पुढची ओळ आली. शब्दांसकट. सुरात.

मी हातातली जुडी तशीच टाकून बसून राहिले. कडवं पूर्ण झालं. मी म्हटलं, "अहो, पाणी देऊ?" तर म्हणाले, "मंगळवार."

हे मी बुधवारच्या प्रार्थनासभेत सांगितलं. रविवारपर्यंत त्याचं 'प्रार्थनेने वाचा परत आली' झालं होतं. पुढच्या आठवड्यात महूहून एक कुटुंब यांना बघायला आलं, फळं घेऊन. त्यांनी विचारलं, "काका, कसं वाटतंय?" यांनी उत्तर दिलं. कोणता वार ते तुम्ही ओळखलं असेल.

आता नाताळच्या अंकात ही 'साक्ष' (देवाने आपल्यासाठी काय केलं ते मंडळीला सांगणं) लिहून द्या म्हणून मागे लागलेत. खरं लिहावं, की गातात पण अजून पाणी मागता येत नाही, तर 'ताईंचा विश्वास जरा डळमळलाय' असं होणार. त्यांना हवं तसं लिहावं तर ते खोटं, तेही देवाच्या नावावर. आणि लिहूच नये, तर त्या अकरा जणांना मी काय पाठवू? तुमच्यापैकी जे असं काही लिहितात, बोलतात, ते कसं करतात?

लष्करवाला (ग्वाल्हेर), रविवार दुपारी ४:४५

कडू बोलतो, राग मानू नका. लिहू नका.

आमच्याकडे साक्षेच्या वेळी माइक हातोहात फिरतो. मला प्लॉट मिळाला, मुलाचा व्हिसा झाला, सुनेला मुलगा झाला. पन्नास वर्षांत मी एकही साक्ष अशी ऐकली नाही की प्लॉट मिळाला नाही, पैसे बुडाले, आणि तरी मी आज इथे उभा आहे. ज्याचा प्लॉट बुडाला तो मागच्या बाकावर बसून हिशोब करत असतो की आपलं काय चुकलं.

मत्तय सहावा अध्याय: प्रार्थना करायची तर खोलीत जा, दार लाव. तुमची मेथी, तुमची खाट, तुमचं पद. दार लावलेलंच बरं. तुम्ही उघडलंत आणि बघा, महूहून लोक फळं घेऊन आले.

नगरकर_जुना (अहिल्यानगर), रविवार संध्याकाळी ६:२०

लष्करवाले, सहावा अध्याय उघडलात तसं एक पान मागे या. त्याच डोंगरावर, येशूच्या त्याच प्रवचनात पाचव्या अध्यायात दिव्याचं बोलणं आहे. दिवा लावून कुणी मापाखाली ठेवत नाही, दिवठणीवर ठेवतो, आणि मग तो 'घरातल्या सर्वांना' प्रकाश देतो. घरातल्या. चौकातल्या नव्हे. लहानपणी आमच्याकडे कंदील होता. ज्या खोलीत जेवणं चालायची तिथे तो असायचा, अंगणात मिरवायला कुणी नेत नसे. ताईंच्या सासूबाईंचं कार्ड तसं होतं.

ताई, साक्ष म्हणजे काय ते कोर्टात बघा. साक्षीदाराला विचारतात, तू काय पाहिलंस? निकाल काय लागावा असं त्याला कुणी विचारत नाही. तुम्ही पाहिलं ते एवढंच, की दुसऱ्या कडव्याला ओळ आली आणि पाणी मागताना मंगळवार आला. दोन्ही सांगा. एकच सांगितलंत तर ती अर्धी साक्ष, आणि अर्धी साक्ष कोर्टही उचलून धरत नाही.

आपल्या मराठीत ही वाट नवी नाही. टिळकांचं पद म्हणालात म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई आठवल्या. नारायणरावांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी घेतला १९०० मध्ये. मधली पाच वर्षं त्या 'प्रभूच्या प्रेमाने भारावल्या' वगैरे नव्हत्या. राग, रडणं, विटाळाची भीती, लोक काय म्हणतील याचा धसका, सगळं होतं. पुढे 'स्मृतिचित्रे'त हे लिहिताना त्यांनी त्यातलं काही झाकलं नाही, उलट स्वतःलाच चिमटे काढले. म्हणून ते पुस्तक ज्यांचा ख्रिस्ताशी काही संबंध नाही अशी घरंही आवडीने वाचतात. नवऱ्यामागून खात्री नसताना चालत गेलेली बाई त्यात दिसते. मी तरुणपणी पुष्कळ 'विजयी' साक्षी ऐकल्या. त्यातली एकही आता आठवत नाही.

वसईची_पोर, रविवार रात्री ९:०५

आम्ही कॅथलिक. आमच्याकडे माइकवरची साक्ष कमी, नोव्हेना (एखादं मागणं घेऊन नऊ दिवस करायची प्रार्थना) जास्त. पण रोग तोच. माझी मावशी नोव्हेनेची पत्रिका छापायची तेव्हा 'मागणं पूर्ण झालं' एवढंच छापायची. पूर्ण न झालेल्या मागण्यांची पत्रिका कुणी काढत नाही.

इंदूर म्हटलं की मला धन्य सिस्टर राणी मारिया आठवतात ('धन्य' म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी). केरळच्या. उदयनगरला आदिवासी-शेतमजुरांत काम करायच्या, सावकारीच्या विरोधात उभ्या राहिल्या. २५ फेब्रुवारी १९९५ ला इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये त्यांना भोसकून मारलं. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदुरातच त्यांना धन्य घोषित केलं, आमच्या धर्मग्रामातून काही जण गेले होते.

त्या सोहळ्याबद्दल मी बरंच वाचलं आणि बरंचसं विसरले. राहिलं ते एकच. त्यांची धाकटी बहीण, तीही सिस्टरच, जेलमध्ये गेली आणि मारेकऱ्याच्या मनगटावर राखी बांधून आली. 'क्षमा' या विषयावरची शंभर प्रवचनं मी झोपेत ऐकलीयत. राखीने मात्र झोप उडाली, कारण राखी माझ्याकडेही आहे. मनगटंही आहेत, ज्यांना बांधायची नाही अशी.

कान्हकाठची, मला वाटतं तुमच्या सासूबाईंना हेच उमगलं होतं. 'प्रीती करा' न लिहिता 'पंख्याखालची खुर्ची' लिहिलं. इंदूरच्या मेमध्ये पंख्याखालची खुर्ची म्हणजे काय असते ते तुम्हीच जाणे.

जिरावन (इंदूर), रविवार रात्री १०:३०

मी तुमच्यातला नाही. रामबागेतला, घरी गणपती-महालक्ष्म्या. धागा वरती दिसला म्हणून उघडला, आणि 'मीठ जास्त पडलं, सगळे गुपचूप जेवले' वाचून उठून काकाला फोन केला. त्याच्याशी सात महिने बोलणं नव्हतं. का केला ते विचारू नका, मलाही नाही माहीत.

एक सांगू का? खजराना गणपतीला देवाच्या पाठीमागे लोक उलटं स्वस्तिक काढतात. इच्छा पूर्ण झाली की येऊन सरळ काढायचं. लहानपणी मी आजीला विचारलं होतं, आजी, उलटी इतकी कशी? आजी म्हणाली, काही अजून व्हायची आहेत, काही व्हायचीच नाहीत, पण माणसं येतात बघ. तुमचा 'मंगळवार' मला त्या उलट्या स्वस्तिकासारखा वाटला. चुकीचं बोललो असेन तर माफी. तुमच्या धर्मातलं मला कळत नाही.

बाकी कचरागाडीबद्दल सहमत. आमची आरतीही तिच्याच तालात होते.

फतेहगंज (वडोदरा), सोमवार सकाळी ७:४०

ताई, मी वाचा-उपचार करते, त्यामुळे आधी कामाचं बोलते.

तुमच्या यजमानांना जे झालंय त्याला वाचाघात म्हणतात. भाषेचं बरंचसं काम मेंदूच्या डाव्या बाजूला चालतं, म्हणून उजवं अंग गेलं की पुष्कळदा बोलणंही जातं. माणसाला समजत असतं, काय म्हणायचंय ते आत असतं, शब्द मात्र हाताला लागत नाही. हाताला एकच लागतो आणि तोच पुन्हा पुन्हा येतो. माझ्याकडे शिव्या उरलेले आलेत, मुलाचं नाव उरलेले आलेत. मंगळवार पहिल्यांदा ऐकला, पण नवल नाही. वार, अंक, पाढे, पाठ असलेल्या प्रार्थना, गाणी, ही साखळीसारखी असतात. एक कडी ओढली की पुढची आपोआप येते, प्रत्येक शब्द नव्याने शोधावा लागत नाही. शिवाय सूर सांभाळण्यात मेंदूच्या उजव्या बाजूचा मोठा हात असतो, आणि ती बाजू त्यांची शाबूत आहे.

म्हणून गाणं आलं. आणि म्हणूनच पाणी मागता आलं नाही. दोन्ही एकाच कारणाने.

याचा उपयोग करता येतो. १९७० च्या दशकापासून गाण्याच्या चालीवर बोलणं शिकवायची एक पद्धत वापरात आहे. 'पाणी दे' हे दोन सुरांवर म्हणायचं, एक वरचा, एक खालचा, आणि दर अक्षराला त्यांच्या डाव्या हातावर हलकी थाप द्यायची. आधी तुम्ही म्हणा, मग दोघं मिळून, मग तुमचा आवाज हळूहळू काढून घ्या. दिवसातून दोनदा पंधरा-वीस मिनिटं. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, दोन वर्षांनंतर वेगही कमी असतो, पण सोडू नका. जवळच्या वाचा-उपचारकांना एकदा भेटून घ्या. आणि पाहुण्यांसमोर 'काका, गाऊन दाखवा' अजिबात करू नका.

आता माझं स्वतःचं. मी मेथडिस्ट, चर्च गुजराती, घर मराठी. फुगवलेल्या साक्षीचा मला राग का येतो सांगते. माझ्याकडे असे लोक येतात ज्यांना घरच्यांनी सांगितलेलं असतं, अमक्याची वाचा प्रार्थनेने आली, तुझी का येत नाही? ते बिचारे दोन महिन्यांत उपचार सोडतात. तुमच्या यजमानांची गोष्ट महूला पोहोचली, तशी ती एखाद्या वाचाघात झालेल्या घरातही पोहोचली असेल.

कान्हकाठची, सोमवार दुपारी २:००

फतेहगंज, तुमचं लिहिणं तीनदा वाचलं. दुपारी 'पाणी दे' दोन सुरांवर करून पाहिलं. 'पा' आला. मग मंगळवार. पण 'पा' आला.

कुणी म्हणेल, कारण कळलं, म्हणजे चमत्कार संपला. मला उलटं झालं. देवाने यांच्यासाठी एक दार बंद पडेल म्हणून दुसरं आधीच कुठेतरी ठेवलं होतं, आणि मला ते मेथी निवडताना सापडलं, असं मला वाटतं. हे मी विज्ञान म्हणून म्हणत नाही. आणि हेही खरं की ज्या घरात ते दुसरं दार नाही सापडलं, त्यांच्यासमोर हे वाक्य म्हणायची माझी हिंमत होणार नाही.

शेवटच्या मुद्द्याने मात्र पोटात गोळा आला. त्याबद्दल मी विचारच केला नव्हता.

आणखी एक सलतंय. ही गोष्ट आहे कुणाची? मी प्रार्थनासभेत सांगितली तेव्हा यांना विचारलं नव्हतं. आमच्याकडे (तुमच्याकडेही असणार) 'प्रार्थनेसाठी सांगते हं' असं म्हणून कुणाच्याही घरातलं काहीही सांगता येतं. अमकीची सून माहेरी गेली, प्रार्थनेत ठेवा. तमक्याने पुन्हा दारू धरली, प्रार्थनेत ठेवा. देवाला कळायच्या आधी अख्ख्या छावणीला कळतं. मी स्वतः हे केलेलं आहे, म्हणून बोलतेय. सासूबाईंच्या कार्डांत दुसऱ्याच्या घरातलं कधीच नसायचं. स्वतःच्या वांग्यातलं मीठ असायचं.

उंबरठा, सोमवार रात्री ११:५०

मी चर्चला जात नाही आता. सहा वर्षं झाली.

आई गेली तेव्हा तेराव्या दिवशी घरी प्रार्थनेला आलेल्या एकाने सांगितलं की विश्वास पूर्ण असता तर ती उठली असती. मी त्यांना चहा दिला आणि ते गेल्यावर कप फोडला. इतकंच.

साक्षी वाचत नाही. ही वाचली. पुढे काय झालं ते इथे लिहाल का? बरं नाही झालं तरी.

नगरकर_जुना, मंगळवार सकाळी ६:१५

उंबरठा, तुमच्या आईंबद्दल वाईट वाटलं. आणि त्या गृहस्थांबद्दल लाजही वाटली, कारण असं बोलणारे आमच्याच बाकावर बसतात. मला तुम्हाला कुठे बोलवायचं नाही. फक्त अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र कधी जमलं तर वाचा. बाकीची रडगाणी शेवटी कुठेतरी वळतात, आभार मानतात. हे वळत नाही, शेवटच्या शब्दापर्यंत अंधारच. आणि तरी ते ग्रंथात ठेवलं. ज्यांनी ठेवलं त्यांनी त्याला शेवटचं गोड कडवं जोडलं नाही, याचं मला या वयात फार अप्रूप वाटतं.

ताई, लिहिण्याबद्दल एक राहिलं. बायबलातली पौलाची पत्रं आपण इतकी मोठ्याने वाचतो की ती पत्रं आहेत हेच विसरतो. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी तो म्हणतो, त्रोवसात कार्पाकडे माझा झगा राहिलाय तो येताना आण, पुस्तकंही आण, विशेषतः चर्मपत्रं. म्हातारा माणूस, कैदेत, थंडी पुढे उभी. फिलिप्पैकरांना लिहिताना मध्येच युवदीया आणि सुंतुखे या दोन बायांना विनवतो की बाई गं, एकमनाच्या व्हा. दोन हजार वर्षं झाली, त्यांचं भांडण कशावरून होतं ते कुणाला ठाऊक नाही, पण भांडण होतं हे पुसलं नाही. त्याच्या शरीरातला काटाही तसाच. तो काढ म्हणून देवाकडे तीनदा मागितलं, काढला गेला नाही, आणि त्याने तसं लिहून ठेवलं.

झगा राहिलाय हे लिहिणारा माणूस मला शेजारचा वाटतो. मग तो पुढे जे सांगतो ते ऐकावंसं वाटतं.

लष्करवाला, मंगळवार सकाळी १०:३०

आजोबांपुढे हरलो म्हणायला हरकत नाही, पण अर्धाच.

कार्ड आणि अंक यांत फरक आहे. कार्ड एका माणसाला जातं. लिहिणाऱ्याला माहीत असतं की तिचा गुडघा दुखतो. अंक छापला की तो सगळ्यांचा, आणि सगळ्यांचा झाला की कुणाचाच नाही. मग लोक त्यातून त्यांना हवं ते काढतात. वाचा परत आली, वगैरे. माझं म्हणणं एवढंच, की छापू नका. लिहा.

आणि उंबरठा, मागच्या बाकावरचा तो प्लॉट बुडालेला मीच. तिथे जागा असते.

नगरकर_जुना, मंगळवार दुपारी १२:०५

अर्धा पुरे! पण छापील गोष्टींवर इतका राग नको. आमच्या नगरातूनच १८४२ साली 'ज्ञानोदय' निघाला, त्यात किती साध्या माणसांचे अनुभव छापून आले. पंडिता रमाबाईंनी केडगावात मूळ भाषांवरून बायबलचं भाषांतर केलं तेही छापण्यासाठीच, आणि मुक्तिमिशनच्या छापखान्यात बायकांनीच खिळे जुळवले. आणि पौलच कलस्सैकरांना म्हणतो, हे पत्र तुमच्यात वाचून झालं की लावदिकीयाच्या मंडळीतही वाचून दाखवा. म्हणजे एकाचं पत्र दुसऱ्याकडे जायचंच. कुणासाठी लिहिलंय ते लिहिणाऱ्याला ठाऊक असलं की झालं, असं मला वाटतं. गुडघा डोळ्यांपुढे हवा.

शाईपेन (इंदूर), मंगळवार दुपारी ४:४०

अवांतर: पोस्टकार्ड भारतात १८७९ साली आलं. आजही पन्नास पैशांत मिळतं, फक्त पोस्टात मागितलं की खिडकीमागचे गृहस्थ आपल्याकडे असे बघतात जणू आपण तारच करायला आलोय. पन्नास कार्डं एकदम घ्या, सुट्ट्या पैशांची कटकट वाचते. बॉलपेनने लिहा, पावसाळ्यात शाई पसरते. (नाव शाईपेन असून सांगतोय.)

कान्हकाठची, शनिवार रात्री ९:२०

उंबरठा, तुम्ही पुढचं विचारलं होतं.

मी यांना विचारलं. हा सगळा धागा वाचून दाखवला, दोन बैठकींत. महूच्या फळांपाशी हसले. तुमच्या आईंच्या ओळींपाशी त्यांनी डाव्या हाताने मला थांबवलं आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मग मी विचारलं, तुमचं लिहू का? "हो." सगळं? पाण्याचंसुद्धा? "हो." अंकात? "नाही." आणि मग, अगदी ठासून, "मंगळवार."

अंकवाल्यांना कळवलं की साक्ष नाही देत, हवी तर करंज्यांची कृती देते. थोडं नाराज झाले. एकांनी फोनवर विचारलंच, सगळं ठीक आहे ना, आत्मिक जीवनात? मी म्हटलं, ठीक नाही, पण चालू आहे. त्यावर त्यांना काही सुचलं नाही आणि मलाही.

शाईपेन यांचं ऐकून कार्डं आणली. दोन सुरांचा अभ्यास रोज होतो. 'पाणी' आता दहातून चारदा येतं. एकदा मध्यरात्री आलं, मी झोपेत 'हं' म्हटलं आणि पुन्हा झोपले, सकाळी उठून स्वतःवरच चिडले. अकरा कार्डं झाली, सगळी वेगळी. काहींत मंगळवार आहे, काहींत नाही. ज्या बाईंच्या यजमानांनाही असाच झटका आला आणि गाणंही आलं नाही, त्यांच्या कार्डात फक्त विचारलंय की संध्याकाळी कोण असतं सोबतीला, मी गुरुवारी येऊन बसू का. प्रार्थना करते असंही लिहिलं होतं, मग खोडलं, मग पुन्हा लिहिलं. खाडाखोड तशीच गेली.

एक कार्ड इथे देते. हे उंबरठा यांना, पत्ता नाही म्हणून इथेच:

"आज पोहे चिकट झाले, वर जिरावन मसाला घालून खपवले. यांनी दोनदा पाणी मागितलं, तिसऱ्यांदा मंगळवार. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाचलं, नगरकर आजोबांनी सांगितलं म्हणून. मला जड गेलं. तुमच्या आईंची आठवण काढली, नाव ठाऊक नव्हतं म्हणून 'उंबरठ्याची आई' म्हटलं. कप फोडलात ते बरं केलंत. इकडे कधी आलात तर घरी या. चर्चला नाही, घरी."

उंबरठा, शनिवार रात्री ११:१५

पोहोचलं.

जिरावन, रविवार सकाळी ८:००

पोहे चिकट होणं हा इंदुरात गुन्हा आहे ताई, पण माफ. तुमच्या गल्लीत कधी आलो तर काकांना भेटता येईल का? गायला सांगणार नाही. नुसता बसेन.

नगरकर_जुना, रविवार सकाळी ८:२५

माझा पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवलाय. गुडघा माझाही दुखतो.